शेरूला बर्फात नेऊ का?

प्रश्न : आम्ही पुण्याहून डेन्व्हरला आलो, सोबत आमचा देशी कुत्रा शेरूही. त्याला रॉकी माउंटन नॅशनल पार्कात बर्फातल्या ट्रेकला न्यायचंय. अंगावर केस आहेत, मग थंडी कशी वाजेल? तहान लागली तर बर्फ खाईलच ना?
– एक वाचक, डेन्व्हर

उत्तर : शेरूला बर्फात जरूर न्या, पण त्या पार्कात नको. तिथल्या पायवाटांवर कुत्र्यांना बंदी आहे, साखळी असली तरी. शेजारच्या रूझवेल्ट नॅशनल फॉरेस्टमधल्या बहुतेक वाटांवर साखळीसह नेता येतं. निघण्यापूर्वी त्या वाटेचा नियम तेवढा तपासा.

देशी कुत्र्याचे केस आखूड असतात, त्याला थंडी वाजतेच. पोट झाकणारं जॅकेट घाला. बर्फ खाऊन तहान धड भागत नाही, उलट अंगातली ऊब जाते. थर्मासमधून कोमट पाणी न्या, थोडं थोडं पाजा.

खरा त्रास पंजांना. बोटांच्या बेचक्यात बर्फाच्या गोळ्या घट्ट बसतात आणि टोचतात. तिथले केस आधीच कापा, पंजांचं मेण चोळा. शेरू पाय उचलून थांबला, की पंजा तळहातात धरून गोळ्या ऊब देत सोडवा; ओढू नका.

थरथरू लागला, की परत फिरा. सुस्तावला, तर ब्लँकेटमध्ये गुंडाळून थेट पशुवैद्यांकडे न्या. पहिल्या खेपेला अर्धा तास पुरे.