देवापुढे खरे बोलणे

शास्त्रपाठ : १ शमुवेल १.९–१८, स्तोत्र ७३, मार्क २.१–१२

आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत प्रार्थना करण्याची एक ठराविक रीत पडून गेली आहे. बंधू उभा राहतो, डोळे मिटतो, आणि घरी, शेतात किंवा बाजारात जी भाषा तो कधी बोलत नाही ती त्याच्या मुखातून वाहू लागते. आरंभी देवाची पाचसात मोठी विशेषणे, मध्ये आभार, शेवटी आमेन. हे शब्द वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. मीही ते सेमिनरीत शिकलो व पुढे इतरांस शिकविले. परंतु ज्याच्या घरी कालपासून चूल पेटली नाही तोही नेमके तेच शब्द बोलून खाली बसतो, आणि मनात जे होते ते मनातच घेऊन घरी जातो, हे पाहिले म्हणजे प्रश्न पडतो की, आपण त्याला देवाशी बोलावयास शिकविले की देवापासून लपावयास?

या प्रश्नाचा काटा माझ्या मनात कसा रुतला ते प्रथम सांगतो. मंगळवेढ्याकडील एका गावी प्रार्थनासभेकरिता मी गेलो होतो. त्या भागातील काळ्या रानात रब्बीची ज्वारी होते, आणि ती परतीच्या पावसावर अवलंबून असते. लागोपाठ दुसऱ्या वर्षी हस्त कोरडा गेला होता. सभेत एक शेतकरी बंधू प्रार्थनेस उभा राहिला. त्याने एकही विशेषण लाविले नाही. तो म्हणाला, "देवा, मागल्या साली मागितलं, औंदाबी मागितलं. तू हाईस न्हवं? हाईस तर बोल की." पुढे तो आणखी काही बोलणार होता, पण मला भीती वाटली. सभेत नवीन आलेली चार माणसे बसली होती. त्यांच्या विश्वासास धक्का बसेल असे मनात येऊन मी मध्येच मोठ्याने गीत सुरू केले. मंडळीने गीत उचलले, तो बंधू खाली बसला, आणि पुढल्या रविवारपासून उपासनेस यावयाचा बंद झाला.

आता आपला पाठ उघडा. शिलो येथील मंदिराच्या दारापाशी एली याजक आसनावर बसला आहे आणि हन्ना आत प्रार्थना करीत आहे. तिचे ओठ हालतात, आवाज येत नाही, डोळ्यांतून पाणी वाहते. एलीला वाटते की बाई दारू प्यालेली आहे, आणि तो तिला दटावतो. हा एली दुष्ट नव्हता. तो अनेक वर्षे सेवेत मुरलेला मनुष्य होता. पण ठरलेल्या रीतीने प्रार्थना करणारे लोकच पाहण्याची त्याच्या डोळ्यांस इतकी सवय झाली होती की, खरी प्रार्थना समोर आली तेव्हा ती त्याला ओळखता आली नाही. हन्ना नम्रपणे उत्तर देते की, मी मद्य प्यालेली नाही, मी परमेश्वरापुढे आपले हृदय ओतीत आहे. एलीचे एक मात्र मानले पाहिजे. तिने सांगताच त्याने आपले बोलणे फिरविले आणि तिला आशीर्वाद देऊन पाठविले. मला इतकेही सुचले नाही.

कोणी म्हणेल, "पाळकसाहेब, असे बोलू दिले तर लोक देवावर कुरकुर करू लागतील. इस्राएल लोकांनी रानात कुरकुर केली आणि त्यांना शिक्षा झाली." हा आक्षेप योग्य आहे व त्याचे उत्तर शास्त्रातच शोधावयास हवे. अनुवादाचा पहिला अध्याय काढून पाहा. ते लोक कुरकुरले ते आपापल्या तंबूंत बसून. देवाविषयी ते एकमेकांजवळ बोलले. देवाजवळ बोलले नाहीत. स्तोत्रकर्ता आसाफ याची गोष्ट वेगळी. दुष्टांची भरभराट पाहून त्याचे पाय निसटण्याच्या बेतास आले होते. आपण मन शुद्ध राखले ते व्यर्थच, येथपर्यंत त्याची मजल गेली होती. पण हा विचार चव्हाट्यावर मांडिला तर देवाच्या लेकरांचा घात होईल म्हणून तो थांबला, आणि ते सगळे ओझे घेऊन देवाच्या पवित्रस्थानी गेला. तेथे त्याला समज आली. शंका गिळून टाकून तो बरा झाला असे स्तोत्र ७३ कोठेही म्हणत नाही. शंका घेऊन तो आत गेला, एवढेच ते सांगते.

ईयोबाचेही तेच. त्याच्या मित्रांनी देवाची बाजू घेतली, एकाहून एक शुद्ध वाक्ये उच्चारिली, आणि ईयोब मात्र देवाला न्यायासनापुढे ओढावयास निघाला. शेवटी परमेश्वर अलीफजाला काय सांगतो हे ४२व्या अध्यायात वाचा. योग्य ते बोलला म्हणून ईयोबाची वाखाणणी होते, आणि देवाची वकिली करणाऱ्या मित्रांकरिता ईयोबानेच प्रार्थना करावी अशी आज्ञा होते. आणि याहून मोठी साक्ष हवी असेल तर वधस्तंभाकडे पाहा. देवाने आपल्याला का टाकिले हा प्रश्न आपल्या प्रभूने स्वतः, उघड्या आवाजात, शत्रूंच्या देखत केला. त्या वेळी गीत सुरू करून त्याला थांबविणारा पाळक तेथे नव्हता हे बरे झाले.

आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या मातीला हे बोलणे अनोळखी नाही. मंगळवेढ्याचा चोखामेळा १४व्या शतकात गावकुसाचे बांधकाम करीत असता भिंत कोसळून मरण पावला; त्याची समाधी पंढरपुरास देवळाच्या महाद्वारापाशी, नामदेवाच्या पायरीजवळ आहे. जिवंतपणी त्याला देवळात शिरू दिले नाही. हीन म्हणून मला जन्म का दिलास, हे त्याने देवालाच विचारिले, आणि त्याची बायको सोयराबाई हिनेही विटाळाचा प्रश्न देवाच्याच पुढ्यात टाकिला. काही बंधूंस हे उदाहरण येथे रुचणार नाही, हे मी जाणतो. परंतु आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत असत. आपल्या आजा-पणजांपैकी कितीएक जण त्याच दाराबाहेर उभे राहिले होते. बाहेर उभे राहून जी वाणी देवाशी भांडू शकत होती, ती आपण आत येताच मुकी का व्हावी?

याच टिळकांच्या घरची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक असेल. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्या नातलगांच्या आश्रयास राहिल्या. काही काळ त्या आपल्या पंढरपुरातही होत्या. पुढे त्या पतीजवळ राहावयास आल्या तेव्हाही आपले सोवळे, आपली चूल व आपले पाणी त्यांनी वेगळे ठेविले. टिळकांनी बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनीही पटल्यावाचून पटल्याचा देखावा केला नाही. जातिभेद देवाने केला की मनुष्याने, या एका प्रश्नाशी त्या झगडल्या, आणि उत्तर मिळाल्यावर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मध्ये पाच वर्षे गेली. त्या वर्षांतले राग, रडणे आणि हसणे त्यांनी 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात कशावरही पांघरूण न घालता लिहून ठेविले आहे. आमच्यापैकी एखादा उतावीळ उपदेशक मध्ये पडला असता तर एक वर्षात बाप्तिस्मा उरकला असता, आणि लक्ष्मीबाई मात्र आपल्याला मिळाल्या नसत्या.

बाप्तिस्म्यानंतर तरी झगडा संपतो काय? पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. तथापि आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो अजून सापडला नाही, अशी जाणीव त्यांना आठ वर्षांनी झाली. केवढी ही कबुली! त्या वेळी त्या जगप्रसिद्ध होत्या, विधवांची शाळा चालवीत होत्या. गप्प राहिल्या असत्या तर कोणास कळले नसते. त्यांनी ती गोष्ट देवाजवळ मान्य केली व नंतर लिहून सर्वांस सांगितली. पुढे अशिक्षित बायांस समजावे म्हणून त्यांनी सगळे पवित्र शास्त्र सोप्या मराठीत उतरविण्यास घेतले, आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. जी स्त्री स्वतः देवाशी साधे बोलली तिला देवाचे बोलणेही साधे करून सांगावेसे वाटले, यात मला नवल वाटत नाही.

आता त्या गावच्या बंधूकडे परत येऊ. मी महिनाभराने पुन्हा गेलो तेव्हा उपासनेत एक म्हातारी आजी प्रार्थनेस उभी राहिली. "देवा," ती म्हणाली, "त्यो आजबी आला न्हाई. त्यानं इचारलेलं तसंच पडून हाय. तू त्याला जबाब दे." एवढे बोलून ती बसली. उपासना संपल्यावर मी तिला विचारिले तेव्हा कळले की, त्या सभेनंतरच्या प्रत्येक रविवारी तिने हेच केले होते. ती मला म्हणाली, "त्याची प्रार्थना अर्धी राहिली हुती, पाळकसाहेब. कुणीतरी पुरी कराया नगं का?" शिवाय दर रविवारी ती पदरात भाकरी बांधून त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसत असे. उपदेश काही नाही. कोणते गीत म्हटले ते सांगावे, त्याच्या बायकोशी दोन शब्द बोलावे आणि उठावे.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायातील चौघे जण मला त्या दिवशी नीट समजले. आमच्या सोलापूरकडील जुन्या घरांना मातीचे सपाट माळवद असते. आता गावोगावी स्लॅब आले, तरी माळवद उकरणे म्हणजे काय हे वडीलधाऱ्यांस सांगावे लागत नाही. माती, खाली काटक्या, त्याखाली लाकडे, आणि खाली बसलेल्यांच्या डोक्यावर धुरळा. त्या चौघांनी ते केले. पक्षाघाती मनुष्य एक शब्दही बोलल्याचे मार्क लिहीत नाही. येशूने विश्वास पाहिला तो 'त्यांचा', असे वचन आहे. बाजेवर पडलेल्याचा विश्वास त्या दिवशी किती होता, कोण जाणे; वाहणाऱ्यांचा होता, आणि प्रभूने तो हिशेबात धरिला. ज्याची जीभ आज उचलत नाही, त्याच्याकरिता मंडळीने आपली जीभ द्यावयाची असते.

आणि भाकरीही द्यावयाची असते. एलीया रानात झुडपाखाली पडून मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला प्रथम उपदेश केला नाही. त्याला स्पर्श केला आणि ऊठ, खा, असे सांगितले. तो खाऊन पुन्हा निजला. दुसऱ्यांदाही तेच. देवाचा प्रश्न त्याला पुढे होरेब डोंगरावर आला, आणि तोवर चाळीस दिवस गेले होते. आम्ही पाळक व उपदेशक होरेबाचा प्रश्न झुडपाखालीच विचारितो, आणि भाकरी आणावयास विसरतो.

त्या वर्षी पाऊस शेवटपर्यंत आला नाही. ज्वारी गेली, आणि तो बंधू बायकोमुलांसह ऊसतोडीस गेला. हंगाम संपवून परतल्यावर एका रविवारी तो आला व दाराजवळ बसला. मी मंडळीपुढे त्याची क्षमा मागितली. त्याने मान हालविली. अद्याप तो सभेत मोठ्याने प्रार्थना करीत नाही, आणि आम्हीही त्याला उभे राहण्याचा आग्रह करीत नाही. आजी त्याच्या शेजारी बसते.

उपदेशक बंधूंनी येत्या आठवड्यातील एका सभेत स्तोत्र ८८ वाचावे. हेमानाचे हे स्तोत्र अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. ते वाचून झाल्यावर शेवट गोड करण्याकरिता दुसरे स्तोत्र जोडू नये व लागलीच गीतही सुरू करू नये. थोडा वेळ शांत बसावे, आणि कोणी बोलू लागला तर त्याचे बोलणे पुरे होऊ द्यावे.