मागील वेतनाचा रकाना

नोकरीच्या अर्जाच्या नमुन्यात नाव, शिक्षण आणि अनुभव यांच्या खाली, बहुधा पानाच्या तळाशी, दोन अरुंद रकाने आखलेले असतात. एक मागील वेतनाचा आणि दुसरा अपेक्षित वेतनाचा. उमेदवाराच्या पुढील कित्येक वर्षांच्या प्राप्तीचा निकाल पुष्कळदा यांतील पहिल्या रकान्यातच लागून गेलेला असतो, हे मी पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील कारखान्यांच्या हिशेबखात्यांत उमेदीची वर्षे घालवल्यावर, आणि त्यांतील काही काळ सर्वांची पगारपत्रके स्वतः तयार केल्यावर, निःशंकपणे सांगू शकते. ज्या मुली आज पहिल्या किंवा दुसऱ्या नोकरीच्या उंबरठ्यावर उभ्या आहेत त्यांच्यासाठी, आणि मुलांसाठीही, हे विस्ताराने लिहीत आहे.

माझी पहिली नोकरी एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात होती. तेथे वेतन अल्प होते आणि ते अल्प असण्यात काही गैरही नव्हते, कारण कामापेक्षा शिकणेच अधिक होते. पुढे भोसरीच्या एका कारखान्यात जबाबदारीची जागा मिळाली, तेव्हा मागील तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या मागून घेण्यात आल्या आणि त्या आकड्यावर काही टक्के चढवून नवे वेतन मुक्रर झाले. चाकणला गेले तेव्हाही हाच परिपाठ. प्रसूतीनंतर काही काळ घरी राहून पुन्हा रुजू व्हायचे ठरले, तेव्हा तर तो आकडा आणखी खाली ओढण्यासाठी आयतेच निमित्त सापडले. अशा रीतीने शिकाऊ वयात ठरलेली एक रक्कम, हुद्दा बदलला, जोखीम वाढली, माझ्या सहीवाचून बँकेत धनादेश जाईनासा झाला, तरी सावलीसारखी माझ्या मागून चालत राहिली.

पगारपत्रकाचे काम माझ्याकडे आल्यावर एका ओळीशी माझी नजर थबकली. माझ्याच हुद्द्यावर, माझ्याच विभागात, माझ्यानंतर नेमलेल्या गृहस्थांचे मासिक वेतन माझ्यापेक्षा अकरा हजारांनी अधिक होते. ते गृहस्थ सज्जन होते, कामात चोख होते आणि त्यांना मिळणारे वेतन त्या कामाला साजेसेच होते. तक्रार होती ती माझ्या ओळीविषयी. मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्यांकडे मी वेतनवाढीचा विषय काढला, तेव्हा ते अगदी सौजन्याने म्हणाले, "मॅडम, तुमच्या मागच्या पगारावर आम्ही तीस टक्के वाढ दिली होती. ती काय कमी झाली?" या उत्तरात सारे मर्म आहे. टक्केवारी उदार दिसते. ती कशावर मोजली हे कोणी विचारत नाही.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत वेतनाविषयी बोलणे असभ्य समजले जाते. सरकारी नोकराची वेतनश्रेणी शासनाच्या निर्णयात छापून येते आणि महागाई भत्ता किती वाढला हे गल्लीतील प्रत्येकाला ठाऊक असते. त्याने कोणाचीही अप्रतिष्ठा झाल्याचे ऐकिवात नाही. खाजगी नोकरीत मात्र झाकली मूठ सव्वा लाखाची हा दंडक, आणि या झाकलेल्या मुठीचा लाभ मुठीच्या मालकाला न होता धन्याला होतो. बरोबरीची मंडळी एकमेकांशी बोलत नाहीत म्हणूनच एकाच कामाचे दोन भाव वर्षानुवर्षे चालू शकतात. भीड भिकेची बहीण असे आपली आजी म्हणत असे, ते येथे शब्दशः खरे आहे.

कायदा या बाबतीत मुका नाही. समान कामाला समान वेतन हे तत्त्व संविधानाच्या 39व्या अनुच्छेदात आहे आणि त्याला कायद्याचे बळ देणारा समान मोबदला अधिनियम 1976 साली झाला. त्या अधिनियमाखालील एक गाजलेला खटला मुंबईचाच आहे. मॅकिनन मॅकेन्झी या जहाजवाहतुकीच्या कंपनीत ऑड्रे डिकोस्टा या लघुलेखिका होत्या. पुरुष लघुलेखकांपेक्षा स्त्री लघुलेखिकांना कमी वेतन मिळते, हे त्यांचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1987 साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. कामगार संघटनेशी झालेल्या करारात ही वेतने ठरली आहेत ही सबब न्यायालयाने मानली नाही, आणि वाढीव वेतन देण्याची आर्थिक ऐपत नाही हीदेखील मानली नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या वेतन संहितेने तो जुना अधिनियम आपल्यात सामावून घेतला आहे. एकाच किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी लिंगभेदावरून वेतनात फरक करण्यास तिने मनाई केली आहे, आणि बरोबरी साधण्याच्या निमित्ताने दुसऱ्या कोणाचे वेतन कमी करता येणार नाही असेही बजावले आहे. ही शेवटची तरतूद ध्यानात ठेवावी, कारण "तुझ्यामुळे त्याचे नुकसान होईल" हे भय अनेकींना गप्प बसवते.

त्या काळी मी जे केले तेच आज कोणालाही करायला सांगेन. पगारपत्रक माझ्या ताब्यात विश्वासाने दिले होते, म्हणून त्यातील दुसऱ्याचा आकडा मी तोंडातून काढला नाही. तो काढला असता तर मूळ प्रश्न बाजूला राहून चर्चा माझ्या विश्वासघाताची झाली असती. त्याऐवजी लेखी अर्ज दिला आणि त्यात केवळ माझे काम मांडले: महिन्याच्या 7 तारखेपूर्वी उद्गम करकपातीचा भरणा, 15पूर्वी भविष्य निर्वाह निधीचे चलन, 20पर्यंत वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र, बँकेचा ताळमेळ, लेखापरीक्षकांच्या प्रत्येक शंकेचे समाधान, आणि यांतील एकही मुदत न चुकल्याचा दाखला. या हुद्द्यासाठी कंपनीने मंजूर केलेला वेतनपट कोणता आणि मी त्यात कोठे बसते, एवढाच प्रश्न शेवटी विचारून 1976च्या अधिनियमाचा एका वाक्यात उल्लेख केला. "वार्षिक आढाव्याच्या वेळी पाहू" असे तोंडी उत्तर आले, तेव्हा तेच उत्तर माझ्या शब्दांत लिहून मी परत पाठवले, म्हणजे ते दप्तरी राहिले. फरक दोन हप्त्यांत भरून निघाला. मागील थकबाकी मात्र मिळाली नाही, आणि ती आपल्या हक्काची होती असे मला आजही वाटते.

नवी नोकरी शोधताना हा वाद उपजूच न देणे अधिक सोपे असते. अपेक्षा विचारली जाताच आकडा सांगण्याची घाई करू नये. "या जागेसाठी किती तरतूद आहे ते सांगितलेत, तर मला नेमके बोलता येईल", असे नम्रपणे पण स्पष्ट म्हणावे; आणि मागील वेतनाचा आग्रहच झाला, तर "ते वेगळ्या जबाबदारीचे होते, माझी अपेक्षा या कामाची आहे" असे सांगून मग खरा आकडा द्यावा. खराच द्यावा. फुगवलेल्या पावत्या तयार करून देणारे लोक बाजारात आहेत. पण भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात दरमहा कोणत्या मालकाने किती भरले हे उघड दिसते आणि चौकशीत ते पाहिले जाते, त्यामुळे हाती आलेली नोकरी तर जातेच, शिवाय नावही जाते.

वेतनाचा आकडा मान्य करण्यापूर्वी त्याची फोड कागदावर मागावी, कारण ज्याला सारे सीटीसी म्हणतात ती, म्हणजे कंपनीला आपल्यापोटी येणाऱ्या एकूण खर्चाची, रक्कम आणि हातात येणारा पगार यांत मोठे अंतर असते. वर्षाला 4,80,000 म्हणजे महिना 40,000, असा हिशेब मनाशी करून मुली घरभाडे ठरवतात. प्रत्यक्षात त्यातील दहावा हिस्सा कामगिरीवर अवलंबून, वर्षअखेरीस मिळालाच तर मिळणारा. उरलेल्या 36,000मधून मालकाचा भविष्य निर्वाह निधीचा वाटा 1,800. मूळ वेतन 20,000 धरल्यास उपदानापोटी सुमारे 962. आरोग्यविम्याचा हप्ता समजा 500. राहिले 32,738. त्यातून स्वतःचा निधीचा वाटा 1,800 आणि व्यवसायकर 200 गेल्यावर हाती येतात 30,738. उपदान म्हणजेच ग्रॅच्युइटी, आणि मुदतबंद नेमणूक वगळता ती सामान्यतः पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतरच मिळते. म्हणून तीन वर्षांत नोकरी बदलण्याचा विचार असेल तर ती रक्कम आपल्या वेतनात धरूच नये. कामगिरीवरील हिश्श्याबद्दल एकच विचारावे: गेल्या वर्षी या विभागात तो प्रत्यक्ष किती टक्के दिला गेला? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर तो हिस्सा शून्य समजून पुढे बोलावे.

नेमणूकपत्र हाती पडेपर्यंत जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नये, आणि तोंडी कबूल झालेली प्रत्येक गोष्ट, विशेषतः "सहा महिन्यांनी पाहू" ही, त्या पत्रात तारखेसह आली आहे याची खात्री करावी. पगाराची पावती दरमहा मागून घेऊन जपून ठेवावी. नव्या संहितेने ती देणे मालकावर बंधनकारक केले आहे, आणि राजीनाम्यानंतर राहिलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करण्याचे बंधनही घातले आहे. वेतनाची मागणी दाखल करण्यास तीन वर्षांची मुदत आहे. तीन वर्षांपूर्वीची पावती ज्या मुलीच्या फाईलमध्ये नीट लावलेली असते, तिला कामगार खात्याच्या अधिकाऱ्यासमोर आपली कैफियत कळकळीने सांगत बसावे लागत नाही. ती कागद पुढे करते आणि प्रश्न मालकाला विचारला जातो.