एक खिडकी, दोन ऑब्जेक्ट

मंडळाची पुस्तकं कोणी नेली याची नोंद ठेवायला ज्युनियर मुलांनी डब्ल्यूपीएफमध्ये ॲप केलं. 'नोंद करा' दाबलं की एरर नाही, पण यादीत नावही नाही. नोंदच नसेल तर पुस्तक परत मागायचं कुणाकडे? पोरांनी बाइंडिंगला दोष दिला. बाइंडिंग बिचारं बरोबर होतं.

मी यादी सांभाळणाऱ्या ऑब्जेक्टच्या, म्हणजे व्ह्यूमॉडेलच्या, कन्स्ट्रक्टरमध्ये ब्रेकपॉइंट लावला. खिडकी एकच, तरी प्रोग्राम तिथं दोनदा थांबला. मग प्रत्येक वेळी कॉल स्टॅक वाचायचा: हाक कुणी मारली? पहिली इनिशियलाइझ-कंपोनंटनं, कारण झॅमलमध्ये डेटाकाँटेक्स्टच्या आत व्ह्यूमॉडेलचा टॅग होता, आणि असा टॅग म्हणजे नवा ऑब्जेक्टच. दुसरी कोड-बिहाइंडमधल्या 'न्यू'नं. पडदा पहिल्याशी जोडलेला, बटण नोंदी भरतंय दुसऱ्यात! (जस्ट माय कोड चालू असेल तर पहिली हाक 'एक्सटर्नल कोड'आड दडते. तो बंद करून बघा.)

'सिंगलटन करून टाका' हा सल्ला मला पटत नाही. टॅगला बिनपॅरामीटरचा पब्लिक कन्स्ट्रक्टर लागतोच, आणि तो उघडा ठेवला की दुसरा ऑब्जेक्ट होणारच. त्यापेक्षा 'न्यू'ची ओळ काढा आणि इनिशियलाइझ-कंपोनंटनंतर डेटाकाँटेक्स्टमधलाच ऑब्जेक्ट कास्ट करून वापरा. कन्स्ट्रक्टरला पॅरामीटर द्यायचे असतील तर उलट करा: टॅग काढा, ऑब्जेक्ट कोडमध्ये बनवून डेटाकाँटेक्स्टला द्या. ब्रेकपॉइंट मात्र लगेच काढू नका; आता प्रोग्राम तिथं एकदाच थांबला पाहिजे.