ढकला की ओढा

२०१९च्या मे महिन्यात लेकीच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने हॅम्बुर्गला गेले होते. बाळ झोपलं की तासभर फिरून यायचे. हालरश्ट्रासे या भुयारी रेल्वेच्या स्टेशनापासून जवळच फेल्डब्रुनेनश्ट्रासे नावाचा झाडीचा रस्ता आहे. तिथल्या ५८ नंबरच्या देखण्या वाड्यावर एक दिवस युनेस्कोची पाटी दिसली. जावयांनी घरी येऊन सांगितलं की ही युनेस्कोची आजीवन अध्ययन संस्था, सगळ्या जगातल्या प्रौढांच्या शिकण्याचा अभ्यास इथे चालतो. वाडा मुळात आल्बर्ट बालिनचा. त्याच्या कंपनीच्या बोटींनी लाखो गोरगरीब माणसं अमेरिकेला नेली.

नव्वदच्या दशकात मी दुष्काळी माणदेशात साक्षरता अभियानाचे वर्ग चालवले होते. त्यामुळे पाटी वाचल्यावर माझा पाय तिथून निघेना. पत्र लिहून विचारलं तेव्हा संस्थेच्या ग्रंथालयात काही दिवस बसू दिलं. त्या तीन महिन्यांत जे पदरात पडलं, ते लिहून ठेवलंय.

१. वाचता येणं आणि कळणं यांत एक काचेचं दार असतं.

पहिल्याच आठवड्यात औषधाच्या दुकानाचं दार मी जोर लावून ओढत उभी होते. त्यावर ‘ड्रुकन’ लिहिलेलं. अक्षरं ओळखीची, उच्चारही जमला, पण अर्थ ठाऊक नव्हता. मागून जावई धावत आले आणि म्हणाले, ‘‘आई, ढकला.’’ आत सगळे आमच्याकडे बघत होते.

त्या रात्री झोप लागली नाही. आमच्या अभियानात साक्षर कोणाला म्हणायचं याचं माप ठरलेलं होतं. मिनिटाला ३० शब्द मोठ्याने, ३५ शब्द मनात, पाहून ७ शब्द लिहायचे, ऐकून ५. शिवाय शंभरपर्यंतचे आकडे. नियमात समजेचाही उल्लेख होता, पण तपासणीला आलेला माणूस बघायचा ते घड्याळ. त्या घड्याळाने मोजलं असतं तर मी हॅम्बुर्गमध्ये दुसऱ्याच आठवड्यात साक्षर ठरले असते. जर्मन वर्तमानपत्र मिनिटाला ३० शब्दांच्या वेगाने मी सहज वाचून दाखवत होते. त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, तो भाग वेगळा.

अशा किती जणींच्या नावापुढे मी ‘उत्तीर्ण’ लिहिलं असेल? वरून आकडा मागितला जायचा आणि आम्ही तो द्यायचो. दोन वर्षांनी त्यातल्या कितीतरी जणी पुन्हा अंगठ्यावर आल्या, तेव्हा आम्ही म्हणायचो, ‘सराव सुटला.’ मुळात लागला होता काय, हे कोणी विचारलं नाही.

२. चष्मा सगळीकडे घरीच राहतो.

तिकिटाच्या यंत्रापुढे मी अडले तेव्हा मागच्या मुलीला म्हणाले, ‘चष्मा विसरले, जरा बघता का?’ बोलले आणि चरकले. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं होतं. एसटी स्टँडवर, बँकेत, रेशनच्या दुकानात. आज ते माझ्या तोंडून इंग्रजीत बाहेर पडलं होतं, आणि चष्मा पर्समध्येच होता.

ग्रंथालयातल्या बाईंना ही गोष्ट सांगितली तर त्या हसल्या. म्हणाल्या, जर्मनीत हीच सबब सगळ्यांत जुनी आहे. मला पटेना. जर्मनीत निरक्षर? मग त्यांनी मे महिन्यातच बाहेर आलेली हॅम्बुर्ग विद्यापीठाची पाहणी समोर ठेवली. साधा मजकूरही नीट वाचता-लिहिता येत नाही असे ६२ लाख प्रौढ तेव्हा जर्मनीत होते, दर आठ जणांत जवळजवळ एक. २०१०च्या पाहणीत हाच आकडा ७५ लाख होता. या ६२ लाखांतल्या निम्म्याहून अधिकांची मायबोली जर्मनच, आणि साठ टक्क्यांहून अधिक जण नोकरी-धंद्यात. म्हणजे शाळेत जाऊन आलेली, कामावर जाणारी, घरभाडं भरणारी माणसं.

मला आणखी एक गोष्ट लक्षात राहिली. आधीच्या पाहणीत या लोकांना निरक्षर म्हटलं होतं. नव्या पाहणीत तो शब्द काढून साक्षरता कमी असलेले, असं म्हटलं, कारण जुना शब्द डागासारखा चिकटतो. आम्ही मात्र भर सभेत ‘गावातले सगळे निरक्षर पुढे या’ म्हणून पुकारायचो, आणि कोणी आलं नाही की गावाला नावं ठेवायचो.

३. ‘शिक्षण’ आणि ‘शिकणं’ हे दोन शब्द एक नव्हेत.

महायुद्धात जर्मनी उद्ध्वस्त झाल्यावर, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ही संस्था निघाली. पहिल्या नियामक मंडळावर मारिया माँटेसरी होत्या. पुढे १९७९ ते १९८९ अशी दहा वर्षं आपल्याकडचे रवींद्र दवे संचालक होते, हे तर मला तिथेच कळलं. इतकी वर्षं नाव होतं शिक्षण संस्था. २००६ साली ते बदलून आजीवन अध्ययन संस्था झालं. कोणाला वाटेल, पाटीच तर बदलली. पण शिक्षण द्यायला देणारा लागतो, आणि तो सहसा उभा असतो, घेणारा खाली बसलेला. शिकणं मात्र ज्याचं त्याचं. मुंबई विद्यापीठातही आजीवन अध्ययन विभाग आहे, पण तो शब्द मी कधी कान देऊन ऐकला नव्हता.

आमचे वर्ग ‘देण्याचे’ होते. बायका दिवसभर खुरपून यायच्या, आणि आम्ही त्यांना ‘कमळ’ शिकवायचो. माणदेशात कमळ! त्यांना हवा होता सोसायटीच्या पावतीवरचा आकडा.

४. मोठ्या परिषदांना हसू नये.

प्रौढशिक्षणाच्या जागतिक परिषदा १९४९ पासून दहा-बारा वर्षांनी भरतात. १९९७ची हॅम्बुर्गलाच भरली. तिथले जाहीरनामे मी पूर्वी रद्दी समजायचे. पण त्या परिषदांमुळे देशांना हिशोब द्यावा लागतो आणि ही संस्था तो छापते. २०१९च्या शेवटी आलेल्या तिच्या चौथ्या अहवालाप्रमाणे, जवळजवळ एक तृतीयांश देशांत पाच टक्के प्रौढसुद्धा कुठल्याही वर्गाला जात नव्हते. हे निदान कागदावर आलं.

५. ‘गळती’ हा शब्द नळासाठी ठेवावा.

माझ्या वर्गात एक मावशी होत्या. तीन आठवडे आल्या, सगळ्यांत हुशार. चौथ्या आठवड्यात बंद झाल्या. मी वहीत त्यांच्या नावापुढे लिहिलं, ‘गळती’. कारण माझ्या ध्यानात आलंच नव्हतं असं नाही, मी ते ध्यानात घेतलं नव्हतं. आदल्या रात्री मी त्यांना फळ्यापाशी बोलावून वाचायला लावलं होतं. त्या अडखळल्या. पोरं खिदळली. त्यात त्यांची नवी सून बसली होती.

हॅम्बुर्गहून आल्यावर डिसेंबरात मी त्यांच्या घरी गेले. तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या, कान शाबूत. त्या रात्रीचं बोलायला मला तोंड नव्हतं, म्हणून औषधाच्या दुकानाची गोष्ट सांगितली. ढकलायचं दार कसं ओढत बसले ते, आतली माणसं कशी बघत होती ते. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मध्येच त्यांनी थांबवलं.

‘‘बाई, जावई हुतं का म्होरं?’’

‘‘होते.’’

‘‘आगं आई गं,’’ म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात देऊन चहा टाकायला उठल्या.