बॅटरी किती तास पुरेल? हिशोबाची एक रीत

भंडारा जिल्ह्यांतील गांवोगांवीं आतां घरांत इन्व्हर्टरची बॅटरी व शेताच्या धुऱ्यावर झटका-यंत्राची लहान बॅटरी दिसूं लागली आहे. ती घेतांना गिऱ्हाईक बहुधा एकच प्रश्न विचारतें, "किती तास चालेल?" आणि विकणारा बॅटरीवरचा आंकडा वाचून उत्तर देतो. तो आंकडा खोटा नसतो. मात्र ज्या अटींवर तो खरा ठरतो त्या अटी आपल्या घरीं क्वचितच पाळल्या जातात. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमची हयात गेली असल्यामुळें आंकड्यामागची अट आधीं वाचावयाची आम्हांस खोड जडली आहे. तीच येथें उपयोगी पडेल असें वाटतें.

बॅटरीवर "१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास" असें छापलेलें असतें. या दोहोंचा गुणाकार १,८०० वॅट-तास. घरांत ७५ वॅटचे दोन पंखे, ९ वॅटचे चार दिवे व मोबाईल भरण्यास १४ वॅट, असा एकूण २०० वॅटचा भार धरला, तर १,८०० भागिले २०० म्हणजे नऊ तास येतात. दुकानांत सांगतात ते हेच नऊ तास. हें म्हणजे बांधींत उभें असलेलें धान पाहून सोळा आणे पीक लिहून टाकण्यासारखें आहे. कापणी-प्रयोग होऊन पैसेवारी निघाल्यावांचून खरें पीक कळत नाहीं.

पहिली वजावट वेगाची. पाणी घालावयाच्या शिशाच्या बॅटरीवरील १५० हा आंकडा सामान्यतः ती वीस तासांत सावकाश रिकामी केली असतां मिळणारा, म्हणजे साडेसात अँपिअर प्रवाहाचा असतो. आपला २०० वॅटचा भार इन्व्हर्टरची तूट धरून बॅटरींतून सुमारें २१ अँपिअर ओढतो. जितक्या घाईनें काढावें तितकें एकूण कमी निघतें. हा नियम विल्हेल्म पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञानें १८९७ सालीं मांडला. आपल्या उदाहरणांत त्यामुळें सुमारें पांचवा हिस्सा जातो व १,८०० चे १,४४० उरतात. दुसरी वजावट राखीव साठ्याची. पैसेवारी पन्नास पैशांखालीं गेली म्हणजे गांव टंचाईच्या यादींत जात असे. शिशाच्या बॅटरीचेंही तसेंच समजावें. वरचेवर निम्म्याच्या खालीं उतरविल्यास तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. म्हणून निम्में, म्हणजे ७२०, इतकेंच खर्चाचें धरावें. तिसरी वजावट इन्व्हर्टरची स्वतःची. तो साधारण पांचवा हिस्सा खातो. उरले ५७६. त्यांस २०० नें भागल्यास जेमतेम पावणेतीन-तीन तास येतात. नवाचे तीन झाले! आणि हा हिशोब नव्या बॅटरीचा झाला. तीन-चार वर्षें वापरलेलीस आणखी चौथाई सूट द्यावी लागते.

आतां कित्येकजण म्हणतील, मग दुसरी बॅटरी घ्यावी. आमचें मत वेगळें आहे. त्याच घरांत ३० वॅटचे नवे कमी विजेचे पंखे लावले तर भार ११० वॅटवर येतो. ओढ मंद झाल्यानें वेगाची वजावटही पांचव्या हिश्श्यावरून बाराव्या हिश्श्यापर्यंत उतरते, आणि तीच बॅटरी सुमारें सहा तास चालते. लिथियमच्या बॅटरींतून ऐंशी-नव्वद टक्के वीज निर्धास्त काढतां येते व वेगाची वजावटही तींत फारशी नसते. परंतु तिची किंमत अधिक.

घरांतील दिवा गेला तर अंधार सोसतां येतो. शेतांतला झटका गेला तर पीक जातें. आपल्या जिल्ह्यांत व त्यास लागून नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प २०१३ सालीं झाला. त्या रानाच्या कडेच्या शेतांत भाद्रपद-आश्विनांत धान दुधावर आलें कीं रानडुकरांचे कळप एका रात्रींत बांध्या लोळवितात. नेमकें तेव्हांच आभाळ भरलेलें असतें. येथें ओढ मंद असल्यामुळें वेगाची वजावट नाहीं. यंत्राच्या पाटीवर सरासरी प्रवाह पाव अँपिअर असेल, तर बारा तासांच्या रात्रीस तीन अँपिअर-तास लागतात. २६ अँपिअर-तासांच्या बॅटरींतील निम्मे, म्हणजे तेरा, धरल्यास मुळींच ऊन न मिळतां चार रात्री निघतात. तेंच यंत्र दिवसाही चालूं ठेवलें तर दोन दिवसांत साठा संपतो. ४० वॅटचें पॅनेल चांगल्या उन्हांत दिवसाला सुमारें १६० वॅट-तास देतें. दाट ढगांत चौथाई, म्हणजे ४०, मिळाले तरी रात्रीच्या ३६ ची भरपाई तूट जातां जवळजवळ होते, पण अहोरात्रीच्या ७२ ची होत नाहीं. म्हणून ढगाळ दिवसांत उजाडतांच बटण बंद करावें. तारेस गवत लागलें असल्यास झटका दुबळा होतो, आणि मालक बॅटरीस दोष देत बसतो. बॅटरी उतरली म्हणून घरची वीज थेट तारेंत सोडणें हा गुन्हा तर आहेच, पण त्यांत डुकराआधीं माणूस मरतो.

हिशोब कागदावर बरोबर आला तरी बॅटरी पाहिल्यावांचून विश्वास ठेवूं नये. तपासणी सोपी आहे. बॅटरी पूर्ण भरावी, इन्व्हर्टरचा मुख्य विजेशीं संबंध तोडावा आणि ठरलेला भार अंदाजित वेळेच्या निम्मा वेळ चालवावा. वरच्या उदाहरणांत दीड तास. मग सर्व बंद करून तीन-चार तास बॅटरीस विसावा द्यावा व मीटर लावावा. विसावलेली भरलेली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखविते, निम्मी झालेली १२.२. आपल्या तपासणींत साधारण १२.४ ते १२.५ दिसावयास पाहिजे. १२.२ दिसल्यास तीन तासांच्या जागीं दीडच तास धरून चालावें. मीटर लावल्यावर लगेच भरण्यास लावावी. उतरलेली बॅटरी तशीच ठेवल्यास खराब होते. उन्हाळ्यांत ती पत्र्याखालीं ठेवूं नये. पंचवीस अंशांवर दर दहा अंशांस तिचें आयुष्य सुमारें निम्में होतें. ही तपासणी दिवाळीनंतर एकदां व मृगापूर्वीं एकदां करून तारीख, भार, मिनिटें व विसाव्यानंतरचे व्होल्ट असे चार रकाने वहींत भरावे.