जुना पिकअप : एका वर्षाचा हिशेब

भिवंडीहून कोपरच्या दुकानात कापड आणण्यासाठी गेल्या वर्षी मी जुना पिकअप घेतला. वर्षअखेर वही उघडली तेव्हा कळले, सौद्याची रक्कम ही फक्त सुरुवात असते. टायर, क्लच, बॅटरी, विमा यांचा खर्च पुढे सुरूच राहतो. आठ वर्षांवरील मालगाडीला फिटनेसही दरवर्षी लागते. आठवड्याला दोनच फेऱ्या असतील, तर भाड्याचा टेम्पो बरा.

माझी मोठी चूक कागदांची. विम्यावर नाव बदलण्यात आळस केला. दुर्गाडीजवळ गाडी ठोकली गेली आणि दुरुस्ती खिशातून करावी लागली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा नव्या मालकाकडे आपोआप येतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही. म्हणून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा.

विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, भरपाईची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ठरवले आहे.

व्यापारी बंधूंनो, सौद्याआधी गाडी मिस्त्रीला दाखवा, सौदा होताच कागद नावावर करा, आणि प्रत्येक फेरी वहीत लिहा.