बैठकीत वाचावीत अशी तीन पुस्तकं



मागच्या अंकात गांडूळखताची माहिती दिली होती. त्यानंतर बऱ्याच गटांतून निरोप आला की पाणी, माती, शेती यावर वाचायला आणखी काय आहे ते सांगा. खरं सांगू? निरोप वाचून मला आधी हसू आलं. दीड वर्षापूर्वी मी पहिल्यांदा बैठकीत पिशवीतून पुस्तक काढलं, तेव्हा एक काकू सरळ म्हणाल्या होत्या, "मॅडम, आधी हप्त्याचं बघा, पुस्तक मग." त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी नुकतीच कॉलेजातून आलेली, तोंडात 'शाश्वत विकास', 'पर्यावरण संवर्धन' असले शब्द. ते शब्द बैठकीच्या सतरंजीवर चालत नाहीत हे कळायला मला चार-पाच महिने लागले.

म्हणून इथे फक्त तीन पुस्तकं सांगते. ही मी बैठकांतून मोठ्याने वाचलेली आहेत. कॉलेजातली यादी यापेक्षा खूप लांब होती, ती जाऊ द्या.

पहिलं पुस्तक 'आज भी खरे हैं तालाब'. लेखक अनुपम मिश्र. १९९३ साली दिल्लीच्या गांधी शांती प्रतिष्ठानने ते छापलं. पुस्तक हिंदीत आहे म्हणून घाबरू नका. रोज मालिका बघणारीला त्यातली हिंदी सहज समजते. अडलं तर वाचणारीने तिथल्या तिथे मराठीत सांगावं.

सुरुवातच गोष्टीने होते. मध्य प्रदेशात जबलपूरच्या बाजूला कूडन, बुढान, सरमन आणि कौंराई असे चार शेतकरी भाऊ. कूडनची लेक रोज शेतावर भाकरी घेऊन जायची. एकदा वाटेत तिला दगडाची ठेच लागली. रागाने तिने तो दगड विळ्याने उकरायला घेतला, तर विळाच सोन्याचा झाला. तो परीस होता. भाऊ घाबरले, ही गोष्ट राजापासून लपून राहायची नाही. म्हणून आपणच परीस घेऊन राजाकडे गेले. राजाने ना परीस घेतला ना सोनं. चांगली कामं करा, तलाव बांधा, असं सांगून परत पाठवलं. त्या भागात त्या चौघांच्या नावाचे चार मोठे तलाव आहेत असं लेखक सांगतात. परीस खरा की खोटा हे विचारत बसू नका. तलाव खरे आहेत.

ही गोष्ट मी आपल्या प्रभागातल्या एका गावात वाचली, त्या दिवसाचं सांगते. बैठकीत एका ताईंचा कर्जाचा अर्ज होता. बोअर मारायला तीस हजार हवे होते. आधीचं एक बोअर कोरडं गेलेलं, त्याचंच देणं अजून फिटलेलं नाही. सगळ्या गप्प. नाही म्हणावं तर बाई अडचणीत, हो म्हणावं तर गटाचे पैसे जमिनीत. अर्ज शेवटी घेऊ असं ठरलं आणि मी वाचायला लागले.

गोष्टीनंतर पुस्तकात तलावाच्या एकेका भागाचं वर्णन येतं. पाणी ज्या माळावरून वाहत येतं तो 'आगौर', म्हणजे आपलं पाणलोट. पाणी साठतं तो 'आगर'. मातीची 'पाल', तिला आपण पाळ म्हणतो. जास्तीचं पाणी बाहेर जायला 'नेष्टा', म्हणजे सांडवा. आगौर स्वच्छ ठेवायचा, पाळ दरवर्षी बघायची आणि गाळ काढायचा. हा गाळ म्हणजे घाण नव्हे, तो तलावाचा प्रसाद मानला जायचा. शेतकरी, कुंभार आणि घरची माणसं असा तिघांचा त्यावर वाटा.

इतक्यात मागे बसलेल्या एक मावशी, सत्तरीच्या, सही करता येत नाही म्हणून अंगठा देतात, त्या म्हणाल्या, "हे पुस्तकात लिव्हलंय व्हय? मला वाटलं आमालाच ठाव हाय." मग त्या बोलतच राहिल्या. गावाच्या वरच्या अंगाला तळं होतं, त्याचा सांडवा कुठे होता, आता तिथे कोणाचा उकिरडा आहे, माळ नांगरून पाणी यायची वाट कोणी मोडली, उन्हाळ्यात गाळ काढायला घरटी एक माणूस कसा जायचा. नव्या नवरीच्या त्या पहिल्या वर्षी त्यांनीही डोक्यावर पाट्या वाहिल्या होत्या. गटात आठ वर्षं आहेत, पण तळ्याबद्दल त्यांना कधी कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. गावाचा नकाशा काढायचं प्रशिक्षण मीच घेतलं होतं, आणि त्या नकाशात तळं 'पडीक जागा' म्हणून दाखवलं होतं.

लगेच सगळं बदललं असं मात्र नाही. ताईंना कर्ज दिलं. तळं कधी दुरुस्त होईल म्हणून त्यांचं पीक थांबणार नव्हतं. बोअरला पाणी लागलं, पण मार्चपर्यंतच पुरलं. हप्ते चालू आहेत, दोनदा उशीर झाला. दुसरीकडे ग्रामसंघाच्या बायकांनी महिला सभेत तळ्याच्या गाळाचा विषय मांडला. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, हे आपल्यापैकी निम्म्या जणींना अजून माहीत नाही! पहिल्या ग्रामसभेला गणपूर्ती झाली नाही. दुसऱ्या सभेत ठराव झाला. गाळ अजून निघालेला नाही, पाठपुरावा सुरू आहे.

याच कामात दुसरं पुस्तक उपयोगी पडलं. महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड', १८८३ सालचं. जोतीरावांचा फोटो आपल्या प्रत्येक कार्यक्रमात असतो, पुस्तक मात्र क्वचितच कोणी उघडलेलं असतं. भाषा जुनी आहे, वाक्यं अर्धा पानभर लांब, सलग वाचायला गेलात तर कंटाळाल. म्हणून शेवटाकडे जिथे उपाय सांगितलेत तेवढाच भाग वाचा. ताली, बंधारे असे घाला की पावसाचं पाणी आधी शेतात मुरेल आणि मग नदीनाल्याला मिळेल. पाणाड्यांकडून झरे शोधून गावाच्या नकाशात त्यांच्या खुणा करा. नदीनाल्यांतला, तलावांतला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीसारखा फुकट नेऊ द्या. हे सगळं त्यांनी तेव्हा लिहून ठेवलंय. आपल्या राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली २०१७ साली. बायकांनी ग्रामसभेत हे दोन्ही सांगितलं. सरपंचांना योजना माहीत होती, असूडातलं नव्हतं.

तिसरं पुस्तक जपानचं, मराठीत 'एका काडातून क्रांती' या नावाने मिळतं. लेखक मासानोबू फुकुओका. पिकांच्या रोगांचा अभ्यास करायची नोकरी सोडून ते शिकोकू बेटावरच्या आपल्या गावी शेती करायला गेले. नांगरट नाही, रासायनिक खत नाही, आणि कापणीनंतरचं सगळं काड परत शेतातच पसरायचं. हे पुस्तक जरा जपूनच वाचा. त्यांचं पीक भाताचं आणि जवाचं, पाऊस वेगळा, माती वेगळी. आपल्याकडे नांगर सोडून देऊन तसं पीक येईल असं मी कोणाला सांगणार नाही. त्यातली एकच गोष्ट उचला, काड जाळू नका. उसाचं पाचट, सोयाबीनचं भुसकट, आपल्याकडे बांधावर पेटवून मोकळं होतात. आपल्या तिघी जणींनी परसातल्या वांग्यांना ते पसरून बघितलं. दोघींना पाणी कमी द्यावं लागलं. तिसरीकडे वाळवी लागली आणि तिने मला चांगलंच सुनावलं. तुम्ही केलंत तर आधी एकाच वाफ्यावर करा.

वाचायचं कसं, तर बचत गोळा झाल्यावर आणि कर्जाच्या चर्चेआधी, पंधरा मिनिटं. नंतर ठेवलं तर सगळ्या उठून जातात. नववी-दहावीतल्या मुलीला वाचायला बसवा, तिलाही बोलायची सवय होते. दोन पानं झाली की थांबून विचारा, हे आपल्या गावात कुठे आहे? कुठे होतं? सगळ्यात आधी वयाने मोठ्या असलेल्या बाईला विचारा, शिकलेलीला नंतर. जे सांगतील ते इतिवृत्तात चार ओळी लिहा, पुढे अर्ज करताना तेच कामी येतं.

तिन्ही पुस्तकं प्रभागसंघाच्या कार्यालयात पत्र्याच्या पेटीत आहेत. रजिस्टरला गटाचं नाव लिहून पंधरा दिवसांसाठी न्या. अनुपम मिश्रांनी आपल्या पुस्तकावर हक्क राखून ठेवलेला नाही, त्यामुळे परिसाच्या गोष्टीची पानं झेरॉक्स केली तरी चालतं. त्याची आपल्याकडे दुसरी प्रतही होती, ती दिवाळीपासून बाहेर आहे. कोणत्या गटाकडे आहे ते मला माहीत आहे आणि ती चौथ्या घरात वाचली जातेय हेही कळलंय. वाचून झाली की तेवढी आणून द्या, दोन गट थांबलेत.